मैनेचा चौथा प्लग

१. भर चौकात

उमाशंकर अण्णांनी फेकलेला पहिला स्पार्क प्लग मोहियोद्दीन मिस्त्रींच्या चपलेवर आदळला. दुसरा गॅरेजच्या उंबऱ्यावर ठण्णकन वाजला, तिसरा चहाच्या टपरीवरच्या बाकड्याखाली गेला. चौथा मात्र अण्णांनी नेम धरून मारला. थेट छातीवर.

"घ्या मिस्त्री! तुमचे प्लग तुमाला! माझी मैना खाल्ली ह्यांनी!"

औसा रोडवरचा अख्खा चौक थिजला. टपरीवर वीस-पंचवीस माणसं होती. कुणाच्या हातातला चहा बशीत सांडला.

मैना म्हणजे अण्णांची गाडी. गर्द हिरवी, बिनछताची, दोनच सीटची, १९६७ सालची विलायती. डाळ मिलच्या या मालकानं ती हैदराबादच्या एका जुन्या घराण्याकडून आणली होती आणि तिला पोटच्या पोरीपेक्षा जास्त जपलं होतं. (हे वाक्य लक्षात ठेवा.) दसऱ्यानंतरच्या रविवारी सकाळी लातूरच्या गंजगोलाईतून जुन्या गाड्यांची फेरी नांदेडला निघाली. अहमदपूरपर्यंत मैना सगळ्यांच्या पुढं, वाऱ्यासारखी. पुढच्या चढावर मात्र ठाण्णकन आवाज झाला, धूर निघाला आणि खेळ खलास. इंजिन खोललं तर तिसऱ्या पिस्टनला वितळून भोक पडलेलं. मेणबत्तीला पडावं तसं!

"अण्णा, मी नऊ नंबरचे घातले होते. हे तर चौदा नंबरचे हायेत," मोहियोद्दीन मिस्त्री हळू आवाजात म्हणाले.

"मग काय माझ्या आईनं बदलले? चौदाचा डबा कुणाच्या दुकानात हाय? आन् चौथा प्लग तर तुमची पोरगीच घालती न्हाई का? पोरीच्या हाती इंजिन देणारा मिस्त्री! येत्या रविवारी किल्ली पाहिजे मला. जागा माझी हाय."

अण्णा गेले. मिस्त्रींनी स्टूल घेतलं आणि तीस वर्षं दारावर असलेली 'मोहियोद्दीन मिस्त्री' ही पाटी स्वतःच्या हातानं उतरवली. "बिलोलीला भाईजानची पिठाची गिरणी हाय," ते कुणाकडंही न बघता म्हणाले. "तिथं बसंन."

त्यांची मुलगी इकरा, अकरावी सायन्स, वय वर्षं सोळा, दारात उभी होती. दोन वर्षांपूर्वीची इकरा असती तर ओढणीचं टोक दातात धरून रडली असती. पण गेल्या महिन्यात जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनात स्वतः कापलेलं इंजिन मांडून तिनं पहिला नंबर काढला होता, आणि तेव्हापासून ती कुणाच्या बापाला भीत नव्हती. तिच्या अंगाची नुसती लाही होत होती. तिनं बाकड्याखालचा प्लग उचलला आणि मनात कसम खाल्ली.

ज्यानं हे केलं त्याला याच चौकात, याच माणसांसमोर, स्वतःच्या तोंडानं बोलायला लावीन. नाही लावलं तर नावाची इकरा नाही!

मग तिनं प्लग उजेडात धरला आणि तिचे डोळे चमकले. जी गोष्ट त्यावर असायलाच हवी होती, ती नव्हती.

२. पेन्सिलीची रेघ

"अब्बा, रेघ कुठंय?"

मोहियोद्दीन मिस्त्रींची एक खोड होती. इंजिनात प्लग बसवण्याआधी ते त्याच्या पांढऱ्या चिनीमातीवर पेन्सिलीनं उभी रेघ मारत. ठिणगीची फट ज्या बाजूला उघडते त्या बाजूला. म्हणजे प्लग आत गेल्यावरही फटीचं तोंड कुठं आहे ते बाहेरून कळतं. दसऱ्याच्या आधी मैनेत घातलेल्या चारही प्लगांवर रेघ होती. चौथ्यावरची तर इकरानंच मारलेली. या चारांवर कसलीच रेघ नव्हती.

"म्हणजे कुणीतरी बदललेत!"

"मला म्हाईत हाय, बेटा. पण रेघेची गवाही कोण मानतंय? जाऊ दे."

"जाऊ द्यायला मी काय रिक्षा हाय का?" इकरा फणकारली आणि माळ्यावरून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला. आत अब्बांनी जमवलेले जुन्या विलायती कंपनीचे प्लग. पाच नंबरचे चार होते. चौदाचा कप्पा रिकामा.

म्हणजे चोरी घरातूनच!

आता इथं थोडं शास्त्र सांगावं लागेल, पण घाबरू नका, परीक्षेला नाही. प्लग गरम असतो किंवा थंड. गरम प्लग आपली उष्णता लवकर सोडत नाही. गावात हळू चालणाऱ्या गाडीला तो बरा. पण मैनेसारखं तापट इंजिन जोरात पळवलं तर त्याचं टोक निखाऱ्यासारखं लाल होतं, पेट्रोल वेळेआधीच पेटतं आणि पिस्टन वितळतो. थंड प्लगचं उलटं. त्याच्यावर काजळी धरते, गाडी फुरफुरते, धापा टाकते, भर रस्त्यात बंद पडते. मालकाची इज्जत जाते, इंजिन जात नाही. आणि ओळखायचं कसं? अब्बांनी इकराकडून सातवीतच पाठ करून घेतलं होतं: जपानी प्लगचा नंबर मोठा, तर प्लग थंड. जुन्या विलायतीचं मात्र उफराटं, नंबर मोठा तर प्लग गरम.

मैनेला विलायती नऊ नंबर बरोबर. चौदा म्हणजे तिच्यासाठी विषच.

इकरानं फिजिक्सच्या वहीचं शेवटचं पान उघडलं आणि लाल पेननं नावं लिहिली. दसऱ्याच्या आठवड्यात दुकानात येऊन गेलेले आणि मैनेपर्यंत हात पोचणारे.

एक, संगप्पा. अब्बांचा जुना चेला. दोन वर्षांपूर्वी भांडून गेला आणि देवणीला स्वतःचं गॅरेज काढलं. त्या आठवड्यात बेअरिंग काढायचा पुलर मागायला आला होता.

दोन, व्यंकटी. अण्णांचा ड्रायव्हर.

तीन, खुद्द उमाशंकर अण्णा. गॅरेजच्या जागेवर कोचिंग क्लासची इमारत बांधायचं त्यांच्या मनात आहे, असं चौकात कधीपासून बोललं जात होतं.

तेवढ्यात दारात स्कूटर थांबली. अण्णांची मुलगी मनिषा, इकराची जिवाभावाची मैत्रीण. डोळे सुजलेले.

"इकरे, आमच्या अप्पांनी असं करायला नको होतं गं. चाचा कसे हायेत?"

"पाटी उतरवलीय," इकरा म्हणाली. "पण मने, मी त्याला सोडणार न्हाई. ज्यानं केलं त्याचं नाक ह्या उंबऱ्यावर घासून घेईन."

मनिषानं पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरली. "प्लगानं खरंच पिस्टन वितळतंय का गं? दुसरं काहीतरी झालं असंल."

"प्लगानंच!" इकरा गरजली. मनिषानं स्कूटर वळवली आणि निघून गेली.

त्या संध्याकाळी कॉलेजच्या ग्रुपवर फॉरवर्ड होत होत फेरीचा व्हिडिओ आला. गंजगोलाई, झेंडे, ढोल. मैना सुरू होते, एका झटक्यात, मधमाशीसारखी गुणगुणत. लोक टाळ्या पिटतात. शेवटी कॅमेऱ्याजवळ कुणीतरी पुटपुटतं, "असं कसं?" आणि व्हिडिओ संपतो.

इकरानं गर्दीत संगप्पाचा चेहरा शोधला. सापडला! पहिल्याच रांगेत, हसत.

३. देवणीचा पंजा

सकाळच्या एसटीनं ती देवणीला पोचली. संगप्पा ट्रॅक्टरखाली झोपलेला होता. आधी दोन पाय दिसले, मग आवाज आला.

"कोण हाय?"

"तुमच्या उस्तादाची पोरगी. मैनेचे प्लग का बदलले?"

संगप्पा सरपटत बाहेर आला आणि असा हसला की शेजारच्या गोठ्यातल्या देवणी गाईनं मान वळवून पाहिलं. "बस, पोरी. तुझ्या बापानं मला शिकवलं आन् तू मलाच चोर करून राहिली? हे बघ."

त्यानं हात पुढं केला. हात कसला, फावडंच! अंगठ्याच्या मुळाशी जुनी, लांब जखमेची खूण.

"ही मैनेची सही हाय. तिचा चौथा प्लग पार मागं, पत्र्याला चिकटून. माझा पंजा घातला की सोलूनच निघतोय. पत्र्याचा रंगबी खरवडतो. म्हणून तर उस्ताद तुझ्याकडनं घालून घेत्यात. इंजिन उतरवायला मीच गेलतो ना काल? चौथ्याजवळ पत्र्यावर नवा ओरखडा न्हाई, रंग जशाच्या तसा."

इकरानं ती खूण निरखून पाहिली. "म्हणजे..."

"म्हणजे ज्यानं घातला त्याचा हात बारका. आन् आणिक ऐक. मला मैना मारायची असती तर मी ठिणगीचा टायमिंग फिरवला असता, कुणाला पत्ता लागला नसता. प्लग तर मागं गवाही ठेवून जातोय. हे काम अर्धवट माणसाचं हाय."

"भांडण झालं तरी तुम्ही अब्बांची बाजू घेता?"

संगप्पानं हात पुसत तोंड फिरवलं. "भांडलो म्हणून काय, पाना धरायला त्यांनीच शिकवलं ना? रविवारी येतो मी. त्या अण्णाला चार शब्द मलाबी ऐकवायचेत."

परतीच्या एसटीत इकरानं वहीतलं पहिलं नाव खोडलं. बारका हात. चौथ्या प्लगपर्यंत न ओरखडता पोचणारा. लातुरात असा हात तिला एकच माहीत होता.

तो तिच्या स्वतःच्या मांडीवर होता.

४. घरातली गोष्ट

व्यंकटी मिलच्या शेडसमोर अण्णांची मोठी गाडी धुऊन राहिला होता. इकरानं आधी त्याचे हात पाहिले. उजव्या हाताची दोन बोटं आखडलेली. तो पाण्याचा पाइपसुद्धा डाव्या हातानं धरत होता. गेलं दुसरं नाव!

"व्यंकटीमामा, मैना फेरीपर्यंत कुठं होती?"

"ह्याच शेडात. कुलूपबंद. खंडेनवमीला तेवढं उघडलं, पूजेला. अण्णांच्या आईनं, नीलम्मा आज्जीनं मैनेला हळदकुंकू लावलं, हार घातला. दिवसभर घरचे सगळे आत-बाहेर करून राहिले होते."

"अण्णांनी बॉनेट उघडलं?"

"अण्णांनी?" व्यंकटी खो-खो हसला. "त्यांना बॉनेट उघडायचा खटका कुठं हाय तेबी म्हाईत न्हाई! त्यांना फक्त मैनेसोबत फोटो काढायला येतोय."

तिसरं नावही गेलं. यादी संपली आणि चोर सापडला नाही. इकरा वळली, तोच व्यंकटी आपणहून बोलला.

"तुझ्या अब्बाचं डोकं लई तेज, पोरी. मागच्या महिन्यात जुने प्लग काढून नुसता रंग बघितला आन् अण्णाला सांगितलं, मालक, ही गाडी कुणीतरी रोज थोडी थोडी चालवतंय, चोक ओढून ठेवून. काजळी बोलतीय. बाप रे, मग घरात जो तमाशा झाला! आधी माझ्यावरच आलं."

"मग?"

"मग कळलं, मी न्हाई."

"मग कोण?"

व्यंकटीनं पाइप बंद केला. "घरातली गोष्ट हाय. घरातच राहू दे."

इकरा घरी आली. इअरफोन कानात घातले आणि तो व्हिडिओ पुन्हा लावला. एकदा, दोनदा, सात वेळा. ढोल. टाळ्या. मैनेची गुणगुण. आणि शेवटी ते दोन शब्द.

"असं कसं?"

आधी तिला वाटलं होतं, हे कौतुक आहे. पण कौतुकाचा सूर वर चढतो आणि हा खाली पडत होता, आपटी बारासारखा. गाडी इतकी छान सुरू झाली म्हणून सगळी गंजगोलाई नाचत होती आणि एकच माणूस हिरमुसला होता. व्हिडिओ काढणारं माणूस. मैना सुरू होतानाच फुरफुरणार, धापा टाकणार, अण्णांचं गावात हसं होणार, आणि ते सगळं फोनमध्ये येणार, याची वाट बघत उभं असलेलं माणूस.

त्याला मैना मारायचीच नव्हती. लाजवायची होती! म्हणजे त्याला हवा होता थंड प्लग. मग डब्यात पाचचे थंड प्लग समोर असताना त्यानं चौदाचा गरम का उचलला?

अर्धवट माणसाचं काम, संगप्पा म्हणाला होता.

इकरानं आठव्यांदा व्हिडिओ लावला, डोळे मिटून. या खेपेला आवाज ओळखला. वहीत चौथं नाव लिहिताना पेनचं टोक कागदात रुतलं आणि पान फाटलं.

५. थंड कोणता?

रविवारी अण्णा किल्ली घ्यायला आले ते लवाजम्यासह. गाडी चालवायला व्यंकटी, मागच्या सीटवर मनिषा. टपरीवर तीच माणसं. इकरानं प्रत्येकाला घरी जाऊन आवतण दिलं होतं. संगप्पा खांबाला टेकून उभा होता. त्याला बघून अब्बांनी नुसती मान हलवली. दोन वर्षांत पहिल्यांदा.

"किल्ली देते अण्णा," इकरा म्हणाली. "पण आधी एक सवाल. हा नऊ नंबर, हा चौदा. विलायती हायेत. ह्यातला थंड कोणता?"

"मला काय विचारती? मी मालक हाय!"

"बरं. व्यंकटीमामा?"

व्यंकटीनं दोन्ही प्लग गालाला लावून पाहिले. "दोन्हीबी गारच लागून राहिलेत."

चौकात हशा पिकला. अब्बासुद्धा ओठातल्या ओठात हसले. इकरा हसली नाही. ती गाडीच्या मागच्या खिडकीशी गेली.

"मने, तू सांग. तुला तर मीच शिकवलंय."

मनिषा खाली उतरली. आठ दिवस दाबून धरलेलं एका दमात बाहेर पडलं. "चौदा थंड! तेच तर मी म्हणून राहिले! थंड प्लगनं पिस्टन कसा वितळंल? प्लगाचा काय दोष न्हाई!"

"थंड कशावरनं?"

"नंबर मोठा, प्लग थंड. तूच म्हणालीस की, माझ्या स्कूटरचा बदलताना."

"संगप्पामामा?"

"ते जपानीला. विलायतीला उलटं." संगप्पाचा आवाज अख्ख्या चौकात पोचला. "चौदा म्हणजे आग हाय, पोरी."

मनिषाचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं एकदा बापाकडं पाहिलं, एकदा प्लगकडं, आणि तोंडावर हात ठेवला.

"आता मी सांगते," इकरा लोकांकडं वळली. "प्लगांवर अब्बांची रेघ न्हाई, म्हणून ते अब्बांचे न्हाईत. पत्र्यावर ओरखडा न्हाई, म्हणून हात बारका. गाडी मारायची नव्हती, फुरफुरायला लावायची होती. म्हणून तर ती चांगली सुरू झाल्यावर व्हिडिओ काढणारी म्हणाली, असं कसं? आन् ज्याला पूर्ण नियम म्हाईत हाय त्यानं पाच उचलला असता. ज्याला काहीच म्हाईत न्हाई त्यानं डब्याला हातच लावला नसता. अर्धा नियम म्हाईत असलेलं माणूस लातुरात एकच. मने, बोल. ह्याच चौकात बोल."

"हाव! मीच केलं!" मनिषा ओरडली. "अप्पा, तुम्ही म्हणालता ना, फेरीत बाजूच्या सीटवर तू बसशील म्हणून? पाच वर्षं म्हणून राहिलात! मी मैना शेडातल्या शेडात चालवून बघितली तर तुम्ही काय म्हणालात? पोरीच्या हाताला स्टिअरिंग शोभत न्हाई! थोबाडीत मारली, सगळ्या मिलसमोर! आन् माझी सीट चुलतभावाला. आन् चाचा, तुम्ही..." तिचा आवाज फुटला. "तुम्ही प्लगाचा रंग बघून माझं नाव घालवलं. म्हणून म्हणलं, तुमचेच प्लग, तुमचंच नाव जाऊ दे. खंडेनवमीला अभ्यासाचं निमित्त करून डब्यातले उचलले, पूजेनंतर शेडात बदलले. मला फक्त गाडी लाजवायची होती. पिस्टन... अल्ला की कसम म्हणू का बसवेश्वराची शपथ घेऊ, मला म्हाईत नव्हतं!"

अण्णांचा हात वर गेला. तो खाली आलाच नाही. मोहियोद्दीन मिस्त्रींनी वरच्यावर मनगट धरलं होतं.

"मालक, एका थोबाडीतीचं एवढं झालं," ते शांतपणे म्हणाले. "दुसरी मारून आणिक एक इंजिन घालवायचंय का? आन् बेटा, मी गाडी कुणीतरी चालवतंय एवढंच बोललो होतो. तू हाय हे म्हाईत असतं तर आधी तुला चोक बंद करायला शिकवलं असतं."

अण्णांनी हात सोडवून घेतला आणि खिशातला रुमाल शोधू लागले. दोन्ही खिसे चाचपले तरी सापडेना.

इकराला वाटलं होतं, या क्षणी छाती फुगेल, कलेजा ठंडा होईल. झालाही, खोटं का बोला! पण त्याच्या तळाशी एक खडा टोचत राहिला. तिनं फिजिक्सची वही उघडली. चौथं नाव मनिषाचं होतं. त्याखाली तिनं पाचवं लिहिलं आणि वही मैत्रिणीपुढं धरली. 'इकरा. अर्धाच नियम शिकवला, फुशारकीच्या नादात.'

मनिषानं वाचलं आणि नाक ओढलं. "आता माझ्याशी बोलणार न्हाईस ना?"

"बोलणार न्हाईच," इकरा म्हणाली. "मैनेचं इंजिन उघडलंय. रोज कॉलेज सुटलं की इथं यायचं आन् एकेक नट रॉकेलनं घासायचा. नखं काळी होईस्तोवर. चौथा प्लग तू घालायचा, रेघ मारून, आन् दोन्ही नियम दहा वेळा म्हणून. मग बघू बोलायचं."

"आन् मी?" अण्णा घोगऱ्या आवाजात म्हणाले. "मिस्त्री, मी काय करू?"

अब्बा काही बोलायच्या आत इकरानं आतून पाटी आणून अण्णांच्या हातात ठेवली आणि स्टूल पुढं सरकवलं.

डाळ मिलचे मालक उमाशंकर अण्णा, पांढरं धोतर सावरत, त्याच पंचवीस माणसांसमोर स्टुलावर चढले. मनिषानं स्टूल धरलं. खिळ्याला पाटी अडकली.

"डावीकडनं जरा वर, अण्णा," इकरा कमरेवर हात ठेवून म्हणाली.

अण्णांनी वर केली.

"आता उजवीकडनं. न्हाई, एवढी नको. उतरवून परत लावा."

अण्णांनी उतरवून परत लावली. कपाळावरचा घाम डोळ्यात जात होता. संगप्पा खांबाआड तोंड लपवून हसत होता.

"आणिक एकदा," इकरा म्हणाली.

पाटी पहिल्याच खेपेला सरळ लागली होती.